दोनाचे सहा

बारामती एमआयडीसीत कुणाचा संगणक मधूनच बंद पडायला लागला की पहिला संशय लाईटवर जातो. लाईट नीट असली तर व्हायरसवर, आणि तिथेही काही सापडलं नाही तर त्या संगणकावर बसणाऱ्या माणसावर. रॅमचं नाव फार उशिरा निघतं. यात लोकांचा दोष नाही. हार्ड डिस्क जायला लागली की टकटक आवाज करते, एसएमपीएस जळला तर वास येतो, पंखा अडकला तर डोळ्यांना दिसतो. रॅम बिघडल्याची अशी कुठलीच खूण नसते. आज एक्सेल बंद पडतं, उद्या निळा स्क्रीन येतो आणि परवा दिवसभर सगळं सुरळीत चालतं.

मी या भागातल्या लहान वर्कशॉपांचे संगणक सांभाळतो. पेन्सिल चौकापासून कटफळपर्यंत माझी बरीचशी कामं असतात, अधूनमधून इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या एमआयडीसीतही जावं लागतं. पियाजिओ, भारत फोर्ज अशा मोठ्या कारखान्यांत संगणकांसाठी वेगळी माणसं असतात. लहान वर्कशॉपचं तसं नसतं. पत्र्याची शेड, तिच्यात चार-सहा सीएनसी मशीनं आणि कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एकच संगणक. बिलं त्यावर, टॅली त्यावर, गिऱ्हाइकाने मेल केलेलं ड्रॉइंग उघडायचं त्यावर आणि मशीनचे प्रोग्रामही त्यावरच करायचे. तो संगणक आजारी पडला की सगळं वर्कशॉप आजारी पडतं.

ज्या वर्कशॉपची ही गोष्ट आहे तिथे प्रोग्राम करायला एक मुलगी होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, इंदापूरकडच्या एका गावातून रोज एसटीने येणारी. प्रत्येक जॉबचा प्रोग्राम झाला की त्याची प्रिंट काढायची, त्यावर पेनने खुणा करत एकेक ओळ तपासायची आणि मगच फाइल मशीनवर पाठवायची, अशी तिची पद्धत. त्या प्रिंटांची एक जाड फाइल तिच्या टेबलावर असायची. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याच फाइलने निवाडा केला.

उन्हाळा चढायला लागला तसा तिचा संगणक त्रास द्यायला लागला. दुपारी निळा स्क्रीन यायचा, कधी कॅमचं, म्हणजे मशीनचे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर काम सुरू असतानाच नाहीसं व्हायचं. मालकांनी आधी ओळखीच्या एका माणसाकडून विंडोज नव्याने टाकून घेतलं. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. मग अँटिव्हायरस बदलला, यूपीएसची बॅटरी बदलली. अशात एक दिवस मशीनवर अपघात झाला. टर्निंगचा जॉब लागला होता, हत्यार ठरल्यापेक्षा पुढे गेलं आणि चकच्या जबड्यावर आदळलं. इन्सर्ट फुटला, जॉब स्क्रॅप झाला, टरेट पुन्हा अलाइन करायला मशीन उभं राहिलं. मशीनचा दरवाजा बंद होता म्हणून ऑपरेटरला काही झालं नाही.

मालक चिडले. "ताई, प्रोग्राम तपासून पाठवा म्हणून किती वेळा सांगायचं?"

"सर, मी तपासला होता."

"मग आकडा आपोआप बदलला का?"

याला त्या मुलीपाशी उत्तर नव्हतं. त्याआधीही तिच्या एका प्रोग्राममध्ये एक्सच्या जागी उलटी तिरकी रेघ आली होती आणि मशीनने अलार्म दिला होता. तेव्हा हाताखाली चुकीची कळ दाबली गेली असणार, असं सगळ्यांनी धरलं. अपघातानंतर तर तिचं काम दुसऱ्याकडे द्यायची भाषा सुरू झाली.

मला बोलावलं होतं ते निळ्या स्क्रीनसाठी. मालक म्हणाले, "भाऊ, एकदाचं फॉरमॅट मारून टाका आणि मोकळं करा." मी म्हटलं, फॉरमॅट एकदा झालंच आहे, त्याने जायचं असतं तर गेलं असतं. आधी बघू तरी द्या.

विजेचं बघायला फार वेळ लागत नाही. अर्थिंग मोजलं, यूपीएसमधून येणारा व्होल्टेज पाहिला, एसएमपीएस बदलून पाहिला. त्यात काही नव्हतं.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मागच्या निळ्या स्क्रीनच्या नोंदी काढल्या. तिथेच पहिली शंका आली. एके दिवशी मेमरी मॅनेजमेंट, दुसऱ्या दिवशी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दोष म्हणून पुढे आलेली फाइलही दर वेळी निराळी, कधी डिस्प्लेची, कधी नेटवर्कची. सॉफ्टवेअरमध्ये चूक असेल तर सहसा तोच कोड आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा दिसते. गुन्हेगार रोज बदलायला लागला की मी सॉफ्टवेअर सोडून हार्डवेअरकडे वळतो.

दुसरा धागा आधी विंडोज टाकून गेलेल्या माणसाकडून फोनवर मिळाला. इन्स्टॉलेशन मध्येच फाइल खराब असल्याचं सांगून थांबलं होतं. त्याने पेनड्राइव्ह बदलला आणि मग ते पार पडलं, म्हणून पेनड्राइव्हच खराब होता असं त्याने धरलं. पण विंडोज टाकताना हजारो फाइली मेमरीत उलगडल्या जातात आणि तपासल्या जातात, त्यामुळे खराब रॅम तिथे हमखास नडते. मी तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर तपासला, चांगला निघाला.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, रॅम कधी वाढवली? दिवाळीच्या आसपास कॅमचं नवं व्हर्जन घेतलं तेव्हा आठ जीबीच्या जुन्या स्टिकशेजारी आठ जीबीची आणखी एक बसवली होती. तक्रार सुरू झाली उन्हाळ्यात, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मी नोंदी वाचत असताना ती मुलगी बाजूला उभी होती. म्हणाली, "दादा, एक दाखवू का? सर ऐकून घेत नाहीत." तिने प्रिंटांच्या जाड फाइलमधून अपघात झालेल्या प्रोग्रामचा कागद काढला. कागदावर झेडचा आकडा उणे 32.5 होता, त्यावर तिची पेनची खूण होती आणि ड्रॉइंगशी तो जुळत होता. संगणकातली फाइल उघडली तर तिथे उणे 36.5. बाकी सगळ्या ओळी तंतोतंत सारख्या. हत्यार नेमकं चार मिलिमीटर जास्त गेलं होतं.

मालकांच्या मते तिने प्रिंट काढल्यानंतर आकडा बदलला असणार. मला मात्र तो दोन आणि तो सहा पाहून वेगळंच दिसलं. संगणक आकडा आकड्यासारखा लिहीत नाही. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि तो क्रमांक आठ बिटांत, म्हणजे आठ शून्य-एकांत मांडलेला असतो. 2 या अक्षराचा क्रमांक 50, म्हणजे 00110010. 6 या अक्षराचा क्रमांक 54, म्हणजे 00110110. आठांपैकी फक्त एक बिट वेगळं, ज्याची किंमत चार आहे ते. मग मी तिला ती जुनी उलटी रेघ आठवायला लावली. एक्सचा क्रमांक 88, उलट्या तिरक्या रेघेचा 92. फरक पुन्हा चारचाच, बिट पुन्हा तेच. कीबोर्डवर एक्स कुठे आणि ती रेघ कुठे! बोट चुकून तिथे जायचं कारण नाही.

माझ्यापुरतं तेव्हाच उत्तर मिळालं होतं. पण मालकांना पटवायचं तर चाचणी हवी होती, आणि स्टिक वॉरंटीत परत द्यायची तर तिचा पुरावाही हवा होता.

विंडोजमध्येच मेमरी तपासायची एक सोय आहे. ती झटपट होते आणि बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, इथेही दाखवलं नाही. माझा भरवसा मेमटेस्टवर. क्रिस ब्रेडी नावाच्या माणसाने 1990च्या दशकात ती लिहायला घेतली, पुढे तिच्या दोन शाखा झाल्या आणि दोन्ही आजही चालू आहेत. पेनड्राइव्हवरून ती विंडोजच्या आधीच सुरू होते, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी तिच्या ताब्यात येते. प्रत्येक जागी ठरावीक नक्षी लिहायची, थोड्या वेळाने परत वाचायची, लिहिलं तेच मिळालं का बघायचं. मग नक्षी उलटी करून पुन्हा. एका फेरीला बराच वेळ जातो आणि एका फेरीवर समाधान मानायचं नसतं.

सकाळी लावली तेव्हा पहिली फेरी निर्दोष गेली. मालक म्हणाले, "बघा, रॅम चांगली आहे." मी म्हटलं, ऊन चढू द्या. तक्रार दुपारची आहे तर चाचणीही दुपारचीच पाहिजे. केबिनवर पत्राच होता आणि बाहेर एप्रिलचं ऊन. कॅबिनेटचं झाकण रोजच्यासारखं बंद केलं, कूलर बंद ठेवला आणि चाचणी चालूच राहू दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर स्क्रीनवर लाल ओळी उतरायला लागल्या. पत्ते वेगवेगळे, पण प्रत्येक ओळीत काय लिहिलं होतं आणि काय मिळालं यातला फरक एकच होता. तोच बाइट, त्यात तेच चार किंमतीचं बिट. त्या मुलीने स्क्रीनजवळ वाकून एकेक ओळ वाचली आणि धावत जाऊन मालकांना बोलावून आणलं.

पुढचं काम सरळ असतं, फक्त घाई करायची नाही. एक स्टिक काढायची, दुसरी एकटी तपासायची. मग स्लॉट बदलून पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते कागदावर लिहायचं. जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये निर्दोष. नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चुकते, तीही तापल्यावरच. म्हणजे मदरबोर्ड सुटला. सोनेरी दात खोडरबरने पुसूनही पाहिले, कारण आपल्याकडची धूळ आणि दमट हवा यांनी संपर्क खराब होतो आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. इथे भागलं नाही. स्टिक दिसायला नवीकोरी, नामांकित कंपनीची. तिच्यावरच्या आठ चिपांपैकी एका चिपच्या एका वाटेत दोष होता.

उष्णतेचा संबंध का, हे मालकांनी विचारलं आणि ते मला आवडलं. आजच्या रॅमची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, 1968 साली तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, मिळून एक बिट. त्या कपॅसिटरमध्ये भार आहे की नाही यावर एक की शून्य ठरतं. पण तो कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठ. भरून ठेवला तरी आपोआप रिकामा होत जातो. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावं लागतं. आठ जीबीच्या एका स्टिकवर अशी सुमारे 6,871 कोटी बिटं असतात. तापमान वाढलं की पाझर वाढतो. निरोगी बिटं तेवढं सहन करतात, काठावर असलेली भरायची वेळ येण्याआधीच रिकामी होतात. दिवाळीच्या थंडीत जी स्टिक चालून गेली, ती एप्रिलच्या दुपारी चालेना ती यामुळे.

असं एक बिट उलटल्याने काय होऊ शकतं याची गाजलेली हकीकत बेल्जियममधली आहे. 18 मे 2003 रोजी तिथे निवडणूक झाली. ब्रसेल्समधल्या शारबेक भागात मतदान यंत्राने एका महिला उमेदवाराला 4,096 मतं जास्त दाखवली. तिला मिळणं शक्यच नव्हतं इतका तो आकडा होता, म्हणून फेरमोजणी झाली आणि गोष्ट उघडकीला आली. 4,096 म्हणजे दोनचा बारावा घात, नेमकं एका बिटाची किंमत. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही आणि तज्ज्ञांनी एखादं बिट आपसूक उलटलं असावं असं मानलं. आकडा अशक्य होता म्हणून तो पकडला गेला. आमच्या 32.5 चे 36.5 झाले, त्यात अशक्य असं काहीच नव्हतं. तो आकडा एखाद्या जॉबसाठी बरोबरही असू शकला असता.

मालकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. निळा स्क्रीन येतो तेव्हा संगणक निदान थांबतो आणि आपण दुरुस्तीला माणूस बोलावतो. पण तेच बिट विंडोजच्या कामात न उलटता तुमच्या फाइलमध्ये उलटलं, तर काहीही न थांबता चुकीचा आकडा डिस्कवर सेव्ह होतो. डिस्कला वाटतं मला हेच ठेवायला दिलं होतं. बॅकअपमध्येही तोच आकडा जातो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या रॅमचा मोठा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात सुमारे आठ टक्के स्टिकांमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्या सर्व्हरांत चुका पकडणारी ईसीसी रॅम असते म्हणून त्या नोंदल्या तरी गेल्या. चौसष्ट बिटांमागे आठ बिटं जादा ठेवून ती एका बिटाची चूक जागच्या जागी सुधारते आणि दोन बिटांची चूक झाली तर कळवते. आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकात अशी नोंद ठेवणारं कुणी नसतं.

म्हणून स्टिक काढली तरी काम संपलं नव्हतं. दिवाळीपासून त्या संगणकावर सेव्ह झालेली प्रत्येक फाइल संशयित होती. मालकांना हे जड गेलं. "एवढ्या फाइली कोण बघणार?" ते म्हणाले. ती मुलगी म्हणाली, "मी बघते सर. सगळ्यांच्या प्रिंटा आहेत माझ्याकडे."

आम्ही आधी सोपं ते केलं. चारचं बिट उलटलं तर कुठल्या अक्षराचं काय होतं याचा तक्ता मी तिला लिहून दिला. 8 आणि 9 बिघडले तर आकडा राहतच नाही, 8 ची कोनासारखी खूण होते आणि 9 ची बरोबरची. दशांशाच्या टिंबाची तारका होते, एक्सची ती उलटी रेघ. ही चिन्हं त्यांच्या प्रोग्राममध्ये कधीच नसतात, त्यामुळे सगळ्या फाइलींत ती शोधली की बिघडलेल्या फाइली झटकन हाती येतात. काही आल्याही. पण 0 ते 7 हे आकडे एकमेकांतच फिरतात. 0 चा 4, 1 चा 5, 2 चा 6, 3 चा 7, आणि उलटही. ते शोधून सापडत नाहीत, कारण फिरल्यावरही ते आकडेच राहतात. तिथे कागद आणि डोळे याला पर्याय नव्हता. जे प्रोग्राम मशीनच्या कंट्रोलरमध्ये आधीपासून होते ते आम्ही परत काढून संगणकातल्या फाइलींशी बाइट न् बाइट ताडले. जे नव्हते ते तिने प्रिंटवरून तपासले. दुपारच्या चहालाही ती उठत नव्हती.

आणखी एक गप्प फाइल निघाली. एका बुशच्या प्रोग्राममध्ये फीडच्या आकड्यातला 1 बदलून 5 झाला होता. तो जॉब अजून मशीनवर लागायचा होता. मालकांनी तो कागद आणि ती फाइल स्वतः शेजारी ठेवून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर शेडमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी तिला सांगितलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. मी उगीच बोललो तुम्हाला." मला त्यांचं हे सगळ्यांसमोर बोलणं फार महत्त्वाचं वाटलं. बोलणी तिने सगळ्यांसमोरच खाल्ली होती. एमआयडीसीतल्या कितीतरी केबिनांत अशी नवखी मुलं-मुली बसलेली असतात. यंत्र आणि माणूस यांच्यात वाद झाला तर यंत्राचंच खरं मानलं जातं आणि ती गप्प राहतात. तिच्याकडे प्रिंटा नसत्या तर ती नोकरी सोडून घरी गेली असती आणि पुढचा प्रोग्रामर त्याच रॅमसमोर येऊन बसला असता.

खराब स्टिक मी मेमटेस्टच्या स्क्रीनच्या फोटोसकट वॉरंटीत पाठवली. बदली स्टिक आली तीही आधी भर दुपारी, झाकण बंद ठेवून चालवून पाहिली आणि मगच बसवली. तीवर आता टॅली आणि बिलांचा संगणक चालतो. प्रोग्रामसाठी मालकांनी पुण्याहून वापरलेलं, पण ईसीसी रॅम असलेलं वर्कस्टेशन घेतलं. नव्या साध्या संगणकापेक्षा ते स्वस्तात मिळालं. त्या मुलीने त्यावर एक छोटी बॅच फाइल करून घेतली आहे. प्रोग्राम मशीनवर गेला की तो परत वाचला जातो आणि मूळ फाइलशी ताडला जातो, एका बाइटचाही फरक असला तर पडद्यावर ओळ येते आणि ऑपरेटर सायकल स्टार्ट दाबत नाही. प्रिंट ती अजूनही काढते.